बी.ए. करता करता डेटा सायन्स: कला शाखेतून येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावातली. बारावी कला शाखेतून केली, गणित दहावीनंतरच सोडलं. पुण्यात बी.ए. अर्थशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा डेटा सायन्स, म्हणजे आकड्यांच्या मोठ्या ढिगातून संगणकाच्या मदतीने अर्थ काढणं, हे इंजिनिअरिंगवाल्यांचं काम आहे, असं मला पक्कं वाटत होतं. आज माझं पोट त्यावरच चालतं. मधल्या चार-पाच वर्षांत मी जिथे जिथे अडखळले, ते खाली लिहून ठेवते आहे. गावाकडून दर जूनमध्ये कुणाचा तरी फोन येतोच, "ताई, नक्की काय करायचं?" तर ते हे.

सामाजिक शास्त्रं आणि आकडे यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत (अर्थशास्त्राची संशोधन संस्था, स्थापना १९३०) अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहरातल्या घराघरांची सामाजिक-आर्थिक पाहणी करवून घेतली. १९७१ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्या, म्हणजे सरकारच्या देशभरातल्या नमुना पाहणीच्या, आकड्यांवरून देशातल्या दारिद्र्याचा अंदाज मांडला. लॅपटॉप नव्हता, एवढाच काय तो फरक. तेव्हा "आर्ट्सवाल्यांना हे झेपेल का" असं कुणी विचारलं तर ही दोन उदाहरणं तोंडावर ठेवावीत.

१. आधी वाट ठरवा

ढोबळमानाने चार वाटा आहेत.

पहिली, दोन्ही एकाच पदवीत. अर्थशास्त्राची बी.एस्सी. किंवा संख्याशास्त्राचा भरपूर भाग असलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम. दुसरी, साधं बी.ए. आणि सोबत ऑनलाइन दुसरी पदवी. तिसरी, आधी बी.ए. पूर्ण करून मग आकड्यांकडे झुकणारं एम.ए. किंवा एम.एस्सी. चौथी, मेजर म्हणजे मुख्य विषय डेटा सायन्स आणि मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही आलंय, पण मायनरला काय मिळेल हे त्या कॉलेजात तो विषय शिकवणारं कुणी आहे का यावर ठरतं. माहितीपत्रकावर जाऊ नका. विभागात जाऊन विचारा की गेल्या वर्षी हा मायनर किती जणांना प्रत्यक्ष मिळाला.

मी दुसऱ्या वाटेने गेले, आणि बारावीला गणित नसलेल्यांना तीच सुचवते. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. आता तो चार वर्षांच्या बी.एस. पदवीपर्यंत जातो. बारावी कोणत्याही शाखेची चालते, मात्र दहावीला गणित आणि इंग्रजी लागतं. जेईई लागत नाही. अर्ज केल्यावर चार आठवडे चार विषय शिकवतात (इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कम्प्युटेशनल थिंकिंग, म्हणजे संगणकाला सांगता येईल अशा पायऱ्यांत विचार करणं), दर आठवड्याला असाइनमेंट असते, आणि मग परीक्षा. ती केंद्रावर जाऊन द्यायची. जागा मोजक्या नाहीत, ठरलेले गुण मिळाले की प्रवेश.

या वाटेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मधले थांबे. फाउंडेशनचे आठ विषय झाले की प्रमाणपत्र, पुढे डिप्लोमा, मग बी.एस्सी., शेवटी बी.एस. घरची परिस्थिती बदलली आणि मधेच थांबावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला याची किंमत कळते.

२. "दोन डिग्र्या चालत नाहीत" हे ऐकून परत फिरू नका

माझ्या कॉलेजच्या ऑफिसात मला हेच सांगितलं गेलं, वर दमही भरला की बी.ए. रद्द होईल. मी घाबरून एक टर्म वाया घालवली. खरी गोष्ट अशी की विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी ऑनलाइन, हे त्यात बसतं. ते परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावरून छापून घ्या आणि फाइलमध्ये ठेवा. वाद घालू नका, कागद पुढे करा. सरकारी टेबलावर कागदाला जी किंमत असते ती बोलण्याला नसते.

दोन्हीकडचे क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्यासाठी अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) लागतो. तो डिजिलॉकरमधून निघतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आजच बघा. माझ्या आधारवर वडिलांचं नाव आधी नि आडनाव नंतर, गुणपत्रिकेवर आडनाव आधी. एवढ्यावरून तीन आठवडे गेले.

३. कागदपत्रं

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं
- शाळा सोडल्याचा दाखला. मूळ प्रत एकच असते आणि ती कॉलेज ठेवून घेतं. आधी चार-पाच साक्षांकित प्रती करून ठेवा
- आधार, अपार आयडी, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि सहीचं स्कॅन
- डोमिसाइल
- उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर
- स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेल्या खात्याचं बँक पासबुक, शिष्यवृत्तीसाठी

यातल्या एका गोष्टीवर मी जास्त लिहिणार आहे, कारण दर वर्षी याच खड्ड्यात पोरं पडतात. आयआयटी, टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था या केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्था. तिथे महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर चालत नाही, केंद्र शासनाच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं. सेतूत जाऊन नुसतं "नॉन-क्रिमीलेअर द्या" म्हणालात तर राज्याचंच हातात पडेल. "सेंट्रलचं" असं ठणकावून सांगा आणि हातात आल्यावर शीर्षक वाचा.

दुसरं, प्रवर्गांची नावं. वंजारी, धनगर हे राज्यात एनटीमध्ये येतात, केंद्राच्या यादीत ते ओबीसी आहेत. तिथल्या अर्जात एनटी असा रकाना शोधत बसू नका. मराठा समाजाला राज्यात एसईबीसी असलं तरी केंद्राकडे तो प्रवर्गच नाही. उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटींत बसत असाल तर ईडब्ल्यूएस काढता येतं, तेही केंद्राच्या नमुन्यात. दाखले चालू आर्थिक वर्षाचे मागतात, म्हणून एप्रिल लागला की लगेच अर्ज टाका. जूनमध्ये तहसीलसमोर जी रांग असते ती मी पाहिली आहे, तुम्ही पाहू नका.

हे दाखले नुसते आरक्षणासाठी नाहीत. आयआयटी मद्रासच्या या अभ्यासक्रमात प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार फीमध्ये मोठी सवलत मिळते. पूर्ण फी बघून दचकू नका, आधी सवलतीचा तक्ता बघा.

४. गणिताची भीती: किती गणित लागतं?

सुरुवातीला फार नाही. टक्केवारी, गुणोत्तर, संच, फलन, सरळ रेषेचं समीकरण, आलेख वाचणं आणि संभाव्यता. मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलस पुढे येतात, पण तोवर हात बसलेला असतो.

मी इंग्रजी व्हिडिओ लावून बसायचे आणि दहा मिनिटांत मन उडायचं. कारण गणित अवघड होतं असं नाही, भाषा आणि गणित दोन्ही एकदम चालून येत होते. मग बालभारतीची अकरावी-बारावी वाणिज्य शाखेची गणित आणि संख्याशास्त्राची मराठी पुस्तकं उतरवून घेतली आणि ती आधी सोडवली. मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध हे मराठीत डोक्यात बसल्यावर मीन, मीडियन, मोड, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन ही नुसती दुसरी नावं उरली. तीन महिने, रोज दीड-दोन तास. यात कुठलाही शॉर्टकट मला सापडलेला नाही.

एक इशारा. "सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट, नोकरीची हमी" असं सांगणारे क्लास पुण्यात गल्लोगल्ली आहेत. फी भरायला कर्जही तेच मिळवून देतात. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने भरली. नोकरी लागली नाही, हप्ता मात्र लागला.

५. साधनं

८ जीबी रॅमचा कोणताही लॅपटॉप पुरतो, जुना घेतला तरी चालेल, फक्त एसएसडी (वेगवान डिस्क) असू द्या. आर ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा आणि ती वापरायचं आरस्टुडिओ फुकट, पायथन ही दुसरी भाषा फुकट, नकाशांसाठी क्यूजीआयएस फुकट. लॅपटॉप अगदीच रडका असेल तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच काम होतं. एक्सेल कमी लेखू नका, नोकरीत पहिले सहा महिने तेच उघडलेलं असतं. स्टाटा आणि एसपीएसएस ही आकडेमोडीची सॉफ्टवेअरं महाग आहेत. कुणीतरी पेनड्राइव्हवर क्रॅक केलेलं देईल, घेऊ नका. आर शिका, तेच काम होतं.

आर आधी की पायथन आधी? आयआयटीचा अभ्यासक्रम पायथनवर आहे, सर्व्हेचा डेटा हाताळणारे बरेच लोक आर किंवा स्टाटावर आहेत. पायथन आधी, आर नंतर. यावर याहून जास्त विचार करू नका.

६. वेळापत्रक

ऑनलाइन पदवीच्या वर्षातून तीन टर्म असतात: जानेवारी, मे, सप्टेंबर. परीक्षा रविवारी. कॉलेजच्या सत्र परीक्षा दिवाळीच्या आसपास आणि उन्हाळ्यात. म्हणजे सप्टेंबरची टर्म हमखास अंगावर येते. पहिल्या टर्मला दोनच विषय घ्या. मी उत्साहात चार घेतले आणि त्यातले दोन सोडून द्यावे लागले. असाइनमेंटची मुदत एका मिनिटाने चुकली तरी चुकलीच. गावी लाइट नाही, रेंज नाही, हे कारण चालत नाही, म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशीच जमा करायची सवय लावा.

७. पहिला खरा डेटा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सामाजिक शास्त्र शिकलेल्या माणसाला इंजिनिअरपेक्षा जे जास्त येतं ते इथेच उपयोगी पडतं.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी केली की नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्या आणि पीएलएफएसच्या, म्हणजे रोजगारविषयक पाहणीच्या, घरागणिक नोंदी फुकट मिळतात. नावं-पत्ते काढलेले असतात. बहुतेक जण फाइल उतरवतात आणि थेट सरासरी काढायला बसतात. तुम्ही आधी प्रश्नावली उघडा. छापून घ्या आणि घरच्या माणसांना ते प्रश्न विचारून बघा.

मी आईला विचारले. पीएलएफएसमध्ये माणूस वर्षभर मुख्यतः काय करतो याला कोड असतो. स्वतःचा धंदा किंवा शेती सांभाळणाऱ्याला ११, घरच्या शेतीत-धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याला २१, रोजंदारीला ४१ किंवा ५१, फक्त घरकाम करणाऱ्याला ९२. घरकामासोबत सरपण, चारा, शिवणकाम असं काही असेल तर ९३. आईला म्हटलं, "तू काय काम करतेस?" म्हणाली, "मी कशाला काम करतीय, घरीच असते." कोड ९२. तेव्हा ती ओसरीवर बसून सोयाबीनचं बी निवडत होती. मग विचारलं, "खुरपणीला कोण जातं? कापूस कोण वेचतं? म्हशीचं कोण बघतं?" तिन्हींचं उत्तर एकच. कोड २१. ९२ म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर, २१ म्हणजे कामगार. मधे फक्त प्रश्न विचारण्याची रीत बदलली होती. पाहणीत दुय्यम कामही विचारतात, वर्षात ३० दिवस केलं असेल तरी ते मोजलं जातं, पण विचारणाऱ्याने ते नीट विचारलं तर. बायकांच्या कामाचा टक्का वाढला किंवा घसरला अशी बातमी वाचताना मला अजूनही ती ओसरी आठवते.

दांडेकर-रथांच्या दारिद्र्यरेषेवर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांनी जो वाद घातला, तोही माणसाला किती उष्मांक लागतात हे कसं ठरवायचं याचाच होता. बेरजा दोघांच्याही बरोबर होत्या.

आता हमखास होणाऱ्या चुका.

*भारांक विसरणं.* पाहणीतलं प्रत्येक घर हे अनेक घरांचं प्रतिनिधी असतं. किती घरांचं, ते मल्टिप्लायरच्या, म्हणजे भारांकाच्या, रकान्यात असतं. तो लावला नाही तर तुमची सरासरी देशाची नसते, फक्त त्या फाइलची असते. २०२३-२४ पर्यंतच्या पीएलएफएस फायलींत नियम असा: एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने (त्या भागातून किती नमुना-गावं किंवा वस्त्या घेतल्या त्याची गणती; पहिला एका उपनमुन्यातली, दुसरा सगळे उपनमुने मिळून) सारखे असतील तर मल्टिप्लायरला १०० ने भागायचं, नसतील तर २०० ने, आणि वर्षाचा अंदाज हवा असेल तर तिमाहींच्या संख्येनेही. जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचना बदलली आहे, म्हणून ज्या वर्षाची फाइल त्याच वर्षाचं सोबतचं माहितीपत्रक वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वेगळी पद्धत. तिथे भारांक १० लाखांनी भागावा लागतो, आणि राज्यापुरतं बोलायचं असेल तर राज्याचा भारांक वेगळा असतो.

*जिल्हे जुळवणं.* २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे २०११ च्या ठाण्यात पालघर आहे आणि नंतरच्या ठाण्यात नाही. दोन्ही फायली नुसत्या "ठाणे" नावावर जोडल्या की आदिवासी तालुके गायब होतात आणि ठाणे अचानक श्रीमंत दिसायला लागतं. त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालेलं. नावावर कधीच जोडू नका, कोडवर जोडा, आणि कोड कोणत्या सालचा ते लिहून ठेवा.

*मराठी फॉन्ट.* जिल्हा परिषदेच्या जुन्या फायली बहुधा युनिकोडमध्ये नसतात. कॉपी केलं की अगम्य चिन्हं येतात. आधी फॉन्ट ओळखून कन्व्हर्टरमधून काढा, मग जोडाक्षरं एकेक तपासा. "र्‍य" आणि रफार नेहमी घोळ घालतात.

*कोण सुटलं?* दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की आमच्याकडच्या कितीतरी घरांना कुलपं असतात. पाहणीवाला त्या महिन्यांत आला तर त्याला कोण भेटणार? म्हातारी माणसं. म्हणून प्रत्येक पाहणीची तारीख बघा. हा प्रश्न कोणत्याही सॉफ्टवेअरला पडत नाही, तो तुम्हाला पडायला हवा.

८. एक छोटा प्रकल्प, स्वतःचा

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात गावातल्या चाळीसेक घरांची पाहणी करा. विषय लहान ठेवा: पाणी आणायला कोण जातं, किती वेळ लागतो. कोबो टूलबॉक्सवर मोबाइलमध्ये फॉर्म बनवता येतो, रेंज नसली तरी भरता येतो. सुरुवातीला संमती घ्या, "कशासाठी विचारतेय" हे खरं सांगा. फोन नंबर आणि नावं विश्लेषणाच्या फाइलमध्ये ठेवू नका. नाव काढलं तरी "सहा माणसं, एक विहीर, दोन ट्रॅक्टर" एवढ्यावरून गावात कुणीही घर ओळखतं, हे लक्षात असू द्या.

आणि घरकुलाचा सर्व्हे आहे असं समजून लोक अपेक्षा धरतात. ती पहिल्याच वाक्यात मोडून काढा. मी काढली नव्हती. एक आजी अजून विचारतात, "माझं नाव लागलं का?"

९. पुढे

मास्टर्ससाठी देवनारला दोन संस्था जवळजवळ आहेत. टिस (१९३६) आणि लोकसंख्या विज्ञान संस्था (१९५६). कुटुंब आरोग्य पाहणीचं काम हीच दुसरी संस्था बघते, आणि तिथल्या जैवसंख्याशास्त्र-लोकसंख्याशास्त्राच्या एम.एस्सी.सारखा अभ्यासक्रम या वाटेवरच्या माणसासाठीच आहे. अर्ज करण्याआधी पदवीला संख्याशास्त्राचं काय किती लागतं ते माहितीपत्रकात बघून ठेवा, शेवटच्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी.

परदेशात जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ आणि स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठांत सामाजिक शास्त्र आणि डेटा यांचे स्वतंत्र मास्टर्स आहेत. जर्मनीला जायचं तर एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) आधी काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, एवढंच इथे सांगते. त्या वाटेने मी गेलेली नाही.

नोकरीच्या जाहिरातीत "डेटा सायंटिस्ट" शोधू नका. रिसर्च असोसिएट, फील्ड मॅनेजर, मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन ऑफिसर (प्रकल्पांवर देखरेख आणि मूल्यमापन करणारा) या नावांनी शोधा. पगार आयटीएवढा नसतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. माझ्या मुलाखतीत मशीन लर्निंगचं कुणी नावही काढलं नाही. पॅनेलवरच्या बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला, पीएलएफएसची फाइल उघडी होती. "एनएसएस आणि एनएससी वेगळे दिसतायत, काय कराल?" मी म्हटलं, "दोनशेने भागेन." मग त्यांनी विचारलं, "आणि हा ९२ खरा मानाल?" त्यावर आम्ही पाऊण तास बोललो.